होडीचं तेल

बोईसर, ४ मार्च १९६७

अक्का, नमस्कार.

छबूचा गोवर उतरून पंधरवडा झाला. कळवायला उशीर केला, कारण कळवण्यासारखं बरं काही नव्हतं. अंगावरचे डाग गेले. डोळे राहिले. उजेडाकडे बघत नाही, पदरात तोंड खुपसून बसते. परवा दिवेलागणीला तिच्यापुढे ताटली ठेवली, तर ती ताटलीच्या बाहेर भाकरी चाचपत होती. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी येऊन कंदील तिच्याजवळ सरकवला. तरी तिचा हात जमिनीवरच फिरत होता.

इथल्या डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली. म्हणाले, डोळ्यातला ओलावा जातो आहे. अंगात अ जीवनसत्त्व कमी होतं, गोवरानं होतं नव्हतं तेही संपवलं. शार्क लिव्हर ऑइलची बाटली दिली आहे. रोज एक चमचा. मी विचारलं, नाही दिलं तर काय होईल? ते म्हणाले, "असं विचारू नका. द्या."

तीन वर्षांची पोर आहे. चमचा बघितला की दात आवळते. हे तिचे हात धरतात, मी नाक धरते.

ह्यांचं काम तारापूरलाच चालू आहे. समुद्राच्या कडेला अणुविजेची ती मोठी इमारत उठते आहे, तिच्यात हे पाइप जोडतात. अजून दोन वर्षं तरी काम पुरेल म्हणतात.

तुझी तब्येत कळव. नऊ वर्षांनी दिवस राहिलेत, तेव्हा शाळेतली पाण्याची हंडी उचलू नकोस. दाजींना सांग, मास्तरांनी पाणी भरलं तर शाळा बुडत नाही.

तुझी पुष्पा


खडकीपाडा, १२ मार्च १९६७

पुष्पा,

तुझं पत्र वाचून मी ते लगेच घडी करून ठेवलं. मग पुन्हा काढलं. आता जे लिहिते ते वाचून घाबरशील. घाबर.

आमच्या शाळेत सोमी नावाची मुलगी आहे, सात वर्षांची. गेल्या साली तिला गोवर आला. डोळे कोरडे झाले, मग पेजेवर साय धरते तसा पांढरा पडदा आला. तिच्या बापाने मोहाच्या सालीचं पाणी घातलं. आठवड्यात दोन्ही डोळे गेले. गेले म्हणजे दिसेनासे झाले असं नाही. फुटून वाहिले. आता ती भिंतीला हात लावून शाळेत येते. तिच्या आईला मी विचारलं, आधी कळलं नाही का? ती म्हणाली, "कलला. पण रोजच कलतं काय ना काय."

इथं शिमग्यानंतर घराघरात नागलीची भाकर आणि मीठ. पालाभाजी पावसाशिवाय नाही. सूर्य कलला की कितीतरी मुलं असतील तिथं बसून राहतात. कुणाला त्यात नवल वाटत नाही. म्हणतात, कोंबड्याही बसतात.

म्हणून एक दिवस चुकवू नकोस. ती ओकेल, तू रडशील, भगवंतरावांना दया येईल. तरी दे. ते तेल थोडं मिळालं तर मलाही पाठव. आमच्या मुलांना नुसते थेंब दिले तरी काही होईल का बघू.

मी बरी आहे. हंडी हेच भरतात.

अक्का


बोईसर, ९ एप्रिल १९६७

अक्का,

छबूला दिसतं. काल संध्याकाळी दारातून ओरडली, "बाबा आले." हे अजून नळापाशी होते. मी तिथंच खाली बसले.

डॉक्टर म्हणाले, अजून काही महिने तेल चालू ठेवा. पण दुकानातला माल संपला. दुकानदार रोज उद्याचा वायदा करतो. एक दिवस चुकला, दोन चुकले. तुझी सोमी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. बाजारात चिंचणीची रखमाबाय मासे घेऊन येते. माझं तोंड बघून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती हसायला लागली.

"मुशीच्या काळजाचा तेल ना तो? आमचे घरी रांजणभर हाय. होडीला लावतो आमी. त्यानं लाकूड कुजत नाय, तुजी पोर काय कुजेल?"

दुसऱ्या दिवशी तिनं तांब्याभर आणून दिलं. मोठी मुशी, म्हणजे शार्क, सापडली की तिचं काळीज, म्हणजे यकृत, उकळून वर आलेलं तेल काढतात. रंग लालसर, वास असा की शेजारीण दार लावून घेते. दुकानातलं तेल पिवळं, पाण्यासारखं होतं. मी त्या रिकाम्या बाटलीवरचं लेबल नीट वाचलं. त्यात शेंगदाण्याचं तेल मिसळलेलं आहे, असं सरळ छापलं आहे. दुधात पाणी घालतात ते निदान चोरून घालतात. हे तेल मात्र अस्सल आहे. मी ते दुकानाच्या बाटलीत भरून ठेवलं. ह्यांना सांगितलं नाही. होडीला लावायचं तेल पोरीला पाजते म्हटलं तर घर डोक्यावर घेतील.

तुमच्या पाड्यावरचा जिवल्या साइटवर माती वाहतो. तो सणाला घरी निघाला आहे, त्याच्याबरोबर लहान शिशी पाठवते. सांडू नको म्हटलं तर म्हणतो, "बाय, दारू असती तं वाटंत सांडली असती. तेल हाय, पोचंल."

पुष्पा


खडकीपाडा, २ मे १९६७

पुष्पा,

शिशी पोचली. आमच्याकडे पाच मुलं संध्याकाळी आंधळी होणारी. शिशी एवढीशी, म्हणून प्रत्येकाला दोन-दोन थेंब, एक दिवसाआड. सोमीलाही दिले. तिला त्याचा उपयोग नाही. पण ती रांगेत उभी होती.

काल बुधा नदीवरून अंधार पडता पडता एकटा आला. हा मुलगा रोज बहिणीचा हात धरून येणारा. शाळेच्या अंगणात येऊन त्यानं मला विचारलं, "बाय, तो झाडावर काय हाय?" वटवाघूळ होतं. त्यानं ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

हे रात्री जेवताना म्हणाले, मी सहा वर्षं यांना अक्षरं शिकवतो आहे, त्यांना फळा दिसतो की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं.

पुष्पा, दोन थेंबांनी एवढं होतं, तर चमच्यानं काय होईल. तुझ्याकडे आहे तर छबूला हात आखडता घेऊ नकोस. गोवरानं पोकळ झालेलं अंग आहे. भरू दे.

अक्का


बोईसर, २८ मे १९६७

अक्का,

छबूला काय झालं आहे, ते कळत नाही.

आधी ओठ फुटले. उन्हाळा म्हणून लोणी लावलं. मग तळहातांची साल निघायला लागली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. अंग खाजवते. जेवत नाही. गेल्या आठवड्यात वेणी घालताना केस फणीबरोबर आले. ओढले नव्हते, नुसते आले. आता कानांच्या वर त्वचा दिसते. काल उचलून घेतलं तर किंचाळली. पाय दुखतात म्हणते. नडगीवर बोट ठेवू देत नाही, तिथं हाडाशी सूज आहे. पूर्वी पळत दारात जायची, ती आता भिंतीशी बसून राहते आणि मी जवळ गेले की आधीच रडते.

डॉक्टरांकडे बाटली घेऊन गेलो. त्यांनी लेबल पाहिलं, विचारलं, किती देता? ह्यांनी सांगितलं, एक चमचा. डॉक्टर म्हणाले, डोस बरोबर आहे. हे माझ्या शेजारीच उभे होते. मी रखमाबायचं नाव काढलं नाही. तेल तेच तर आहे, फक्त चांगलं.

शेजारी एका बिहारी वेल्डरची बायको राहते. तिनं छबूचे केस पाहिले आणि दार लोटून माझ्याजवळ बसली. "भाभी, वो बिजली नहीं, एटम बना रहे हैं। जपान में ऐसे ही बाल गिरे थे।" मला ह्यांचे कपडे आठवले. रोज संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन येतात आणि छबू पायांना मिठी मारते.

ह्यांना बोलले. हे हसले. "अगं, आत अजून काही नाही. काँक्रीट आणि लोखंड. काँक्रीटनं केस जातात होय?" पण दुसऱ्या दिवसापासून हे बाहेर नळावर अंघोळ करून, कपडे बाहेरच ठेवून घरात येतात.

अंगात ताकद राहावी म्हणून तेल आता सकाळ-संध्याकाळ देते. तेवढंच माझ्या हातात आहे.

पुष्पा


खडकीपाडा, ६ जून १९६७

पुष्पा,

छबूला घेऊन इथं ये. भगवंतरावांना नोकरी सोडता येणार नाही हे मला कळतं. तू ये. इथं धूळ आहे ती मातीची आहे.

येणार नसशील तर तेल सोडू नकोस. हे म्हणतात, विषाला अंगातली ताकदच अडवते.

पाऊस सुरू झाला की मनोरच्या पुढे एस.टी. नाही. नदी भरली की पोस्टमनही येत नाही. त्याआधी ठरव. मला सातवा लागला आहे. रात्र रात्र डोळा लागत नाही, आणि कुणासाठी जागते आहे हे कळत नाही, पोटातल्यासाठी की तुझ्या पोरीसाठी.

अक्का


बोईसर, १८ जुलै १९६७

अक्का,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही. छबू चालते.

आम्ही निघणार होतो. ट्रंक भरली होती. तेवढ्यात पाऊस लागला आणि गाड्या दोन दिवस बंद झाल्या. त्या सुरू होईपर्यंत तुमच्याकडची एस.टी. थांबली, आणि आम्ही इथंच अडकलो. तेलही संपलं. पावसात होड्या समुद्रात जात नाहीत. रखमाबायनं रांजणात होतं तेवढं तेल होडीला लावलं, होडी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकली. म्हणाली, "आता नारळी पुनवेनंतर." मला वाटलं, आता पोर हातची जाते.

तर उलटंच झालं. आठवडाभरानं तिनं भात मागितला. मग पाय दुखायचे थांबले. तळहात गुळगुळीत झाले. आता डोक्यावर बारीक केस उगवले आहेत, हात फिरवला की मांजराच्या पिलासारखे लागतात.

मी पुष्कळ विचार केला, आणि मला कळलं. पाऊस. पावसानं धूळ खाली बसवली. ह्यांचे कपडे ओले येतात, पांढरे येत नाहीत. साइटवरून वारा येतो तो धुतलेला येतो. शेजारीणही तेच म्हणाली. म्हणजे जे आहे ते हवेत आहे, अक्का. मला आनंद व्हायला पाहिजे. पण रोज सकाळी उठून मी आधी आभाळ बघते. हा पाऊस थांबेल त्या दिवसाची मला भीती वाटते.

तू कशी आहेस? सगळं नीट होऊ दे.

पुष्पा


खडकीपाडा, २२ ऑगस्ट १९६७

पुष्पा,

मुलगा झाला. या महिन्याच्या आरंभी. नदी फुगलेली होती, पालघरला नेणं शक्य नव्हतं. नवसी सुईणीनं केलं सगळं. छबू बरी आहे हे तुझं पत्र बाळंतपणानंतर वाचलं. ते उशाशी ठेवलं आहे.

बाळ लहान आहे, फार लहान. आठ दिवसांपूर्वी त्याला जुलाब झाले. थांबले, पण टाळू खोल गेली आहे. आई आठवते ना, पोरांची टाळू ती बोटानं बघायची? खोल असली की काळजी, भरली की निश्चिंत. मी रोज सकाळी तिथं खोबरेल भरते. तेल त्या खळग्यात साचून राहतं. त्याच्याखाली काहीतरी हलताना दिसतं आणि मी दुसरीकडे बघते.

मला दूध पुरेसं नाही. आणि तो दिव्याकडे बघत नाही. हे म्हणतात, तीन आठवड्यांचं मूल कुठं बघतं? पण ह्यांनी सोमीचे डोळे जाताना पाहिले नाहीत, मी पाहिले.

होड्या निघाल्या असतील. तेल पाठव. या वेळी शिशी नको, बाटली पाठव.

अक्का


बोईसर, २ सप्टेंबर १९६७

अक्का,

बातमी वाचून मी छबूला उचलून सांगितलं, तुला भाऊ आला. ती म्हणाली, "त्याला केस आहेत?"

रखमाबायच्या घरच्यांना पहिल्याच फेरीत मोठी मुशी मिळाली. तेल ताजं आहे. जिवल्याबरोबर भरलेली बाटली पाठवते. माझ्याकडची दुकानाची दुसरी बाटली होती, तीच धुऊन घेतली, म्हणजे लेबल तुझ्या उपयोगी पडेल. लहान मुलांना किती द्यायचं ते त्यावर लिहिलं आहे: एक वर्षाखालच्या बाळाला अर्धा चमचा. बाळंतिणीलाही एक चमचा चालतो असं छापलं आहे. तू घे. दुधाला बरं.

इथं चार दिवस ऊन आहे. रस्ते वाळले. ह्यांचे कपडे पुन्हा पांढरे यायला लागले. या वेळी मी वाट बघणार नाही. छबूला आधीच दोन-दोन चमचे सुरू केले आहेत, म्हणजे धूळ उठेल तेव्हा अंग तयार असेल.

पुष्पा


खडकीपाडा, १६ सप्टेंबर १९६७

पुष्पा,

आज तुला बरं लिहिता येतं, म्हणून लगेच बसले.

बाळाची टाळू भरली. तिथला खळगा गेला आहे. इतके दिवस मी बोट ठेवायला घाबरत होते, आता मुद्दाम ठेवते. परवापासून तर चांगली वर आली आहे, तेल घातलं तर थांबत नाही, कानाकडे ओघळतं. नवसीनं हात लावला आणि हसली. "भरला पोर," म्हणाली. ह्यांनी गावातून गूळ आणून घराघरात वाटला.

लेबलवर आहे तसा अर्धा चमचा रोज देते. मीही घेते. आता एवढं कळव, छबू लहान असताना अशी रडायची का? दोन दिवस झाले, बाळ झोपत नाही. रडणं बारीक आणि उंच, थांबतच नाही. दूध घेतो आणि लगेच ओकतो, लांबवर उडतं. अंगात ताकद आली की मुलं हट्टी होतात, असं नवसी म्हणते. टाळू एवढी चांगली आहे म्हणून मला काळजी वाटत नाही. पण थोडी वाटते.

शाळेतल्या मुलांना या वेळी दिलेलं नाही. सगळं बाळासाठी ठेवलं आहे.

अक्का


पालघर, २१ सप्टेंबर १९६७

अक्का,

पत्र पुढे वाचू नकोस. पत्र घेऊन हेच आलेत, बाटली ह्यांच्या हातात दे. बाळाला एक थेंबसुद्धा देऊ नकोस, तूही घेऊ नकोस. मग वाच.

छबूला पुन्हा तेच झालं, आणि जास्त. डोकं दोन्ही हातांनी धरून बसायची. सोमवारी सकाळी ओकली आणि तिचा एक डोळा आत वळला. एकाच्या ठिकाणी दोन आई दिसतात म्हणाली. हे म्हणाले, आज राजीनामा देतो, आणि तिला खांद्यावर घेऊन स्टेशनवर पळाले. इथं पालघरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नडग्या पाहिल्या, ओठ पाहिले. बाटली मागितली. ह्यांनी दाखवली. त्यांनी लेबल वाचून परत दिली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारलं, कामाला कुठं आहात? ह्यांनी सांगितलं. मग हे म्हणाले, "साहेब, माझ्यापासून लपवू नका. तिथलंच आहे ना हे? माझ्या कपड्यांतून आलंय ना?" माझा नवरा त्यांच्या टेबलाचा काठ धरून उभा होता. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

मी म्हणाले, "त्या बाटलीत ते तेल नाही."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मी सगळं सांगितलं. रखमाबाय, होडी, दोन-दोन चमचे. ह्यांनी टेबलाचा काठ सोडला. डॉक्टरांनी तळहातावर तेल ओतलं, वास घेतला, आणि कितीतरी वेळ हात पुसत राहिले.

ते म्हणाले, दुकानातलं तेल पातळ करतात ते फसवण्यासाठी नाही. निव्वळ तेल चमच्यानं पोटात जाऊ नये म्हणून करतात. मुशीमुशीगणिक त्याचा जोर वेगळा, ह्यात वीसपट असेल, पन्नासपट असेल, तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे जातात. हे जात नाही. यकृतात साठत राहतं, आणि साठा भरला की विष होतं. केस, कातडी, हाडं, डोकं. कमी पडलं तर डोळे जातात, आणि जास्त झालं तर हे. धूळ नाही, वारा नाही. पावसाळ्यात ती बरी झाली, कारण पावसाळ्यात तेल नव्हतं. मी होते, अक्का. दर वेळी ती ढासळली की मी चमचा वाढवला.

छबू वाचेल म्हणाले. बंद केलं की हळूहळू उतरेल.

हे घरी कपडे आणायला गेले ते तुझं सोळा तारखेचं पत्र घेऊन आले. मी ते इथं दवाखान्याच्या बाकावर वाचलं. टाळूपर्यंत आले आणि उठून डॉक्टरांच्या खोलीत शिरले. आत दुसरा रोगी होता. मी उभ्यानंच वाचून दाखवलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "ते मूल कुठे आहे?"

ती टाळू भरलेली नाही. आतून पाणी दाबतं आहे. मेंदूभोवतीचं पाणी. तेल थांबलं तर दोन-चार दिवसांत उतरतं म्हणाले. नाही उतरली, किंवा बाळ झोपेतून उठेना, किंवा झटके आले, तर नदीला किती का पाणी असेना, इथं घेऊन या.

हे आत्ता निघत आहेत. मनोरपर्यंत ट्रक मिळाला आहे, पुढे पायी. अजून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. दुधातून बाळाच्या अंगात जातं का, हे विचारायचं माझं राहिलं. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले आहेत. पत्र न्यायला हे थांबले आहेत.

पुष्पा


खडकीपाडा, २ ऑक्टोबर १९६७

पुष्पा,

बाळ आहे.

भगवंतराव आले तेव्हा छातीपर्यंत भिजलेले होते. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "अक्का, तेलाची बाटली कुठाय?" एवढी वाट तुडवून माणूस आला आणि बाटली मागतो, म्हणजे छबू गेली असं मला वाटलं. मी तुझं नाव घेऊन खाली बसले. त्यांनी बाटली स्वतः फळीवरून काढली, मगच सांगितलं. त्या सकाळचा अर्धा चमचा देऊन झाला होता.

मग आम्ही तिघे बाळाभोवती बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. तीच किंकाळी. दुसऱ्या दिवशी तो गप्प झाला, तेव्हा मी त्याला हलवून हलवून रडायला लावलं. ह्यांनी झोळी बांधली, नदीवर जाऊन पाणी पाहून आले, पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी बोटाखाली थोडं मऊ लागलं. मला वाटलं, मलाच तसं वाटतंय. भगवंतरावांना बोट ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, "मला कळत नाही अक्का," आणि ठेवलं, आणि मान हलवली. आता टाळू कवटीच्या बरोबरीनं आहे, वर नाही, खाली नाही. तो झोपतो. ओकत नाही. आत काही इजा झाली असेल तर ती मोठा झाल्यावरच कळेल. बसेल कधी, बोलेल कधी, ते मी बघत राहणार.

ते तुझ्याशी बोलत नाहीत असं तू लिहिलंस. इथं एका संध्याकाळी ह्यांना म्हणाले, "मास्तर, मी चार महिने माझ्या कपड्यांना भीत होतो. पोरीला जवळ घेत नव्हतो." दुसरं काही म्हणाले नाहीत. बोलतील.

बाटलीवरून घरात वाद झाला. त्यांना ती ओढ्यात ओतायची होती. मीही तेच म्हणत होते. हे आडवे आले. बुधा पुन्हा बहिणीचा हात धरून यायला लागला आहे, कारण आपल्या बाळासाठी मी त्याचे थेंब बंद केले होते. हे म्हणाले, ह्याच तेलाच्या थेंबांनी त्याला दिसलं होतं, ते खोटं नव्हतं. शेवटी लेबल खरवडून काढलं. भगवंतराव बाटलीतलं थोडं तेल डॉक्टरांकडे घेऊन गेले आहेत. किती शेंगतेलात किती मिसळायचं आणि मुलांना किती दिवसांनी किती थेंब द्यायचे, ते त्यांच्या तोंडून घेऊन कळव. तोवर बाटली शाळेच्या पेटीत कुलपात आहे आणि किल्ली ह्यांच्याकडे आहे. मी मागितली तरी देऊ नका, असं मीच सांगितलं आहे.

दुधाचंही विचार. ते आधी विचार. मी पंधरा दिवस तो चमचा घेत होते. तो चमचा माझ्या अंगात अजून आहे. इथं गाय नाही, शेळीचं दूध त्याला पचत नाही, म्हणजे माझ्यावाचून त्याला दुसरं काही नाही. तो भुकेला झाला की हात पसरतो. मी त्याला मांडीवर घेते, पदर बाजूला करते, आणि मग थांबते. तो तोंड उघडून शोधत असतो. मी त्याच्याकडे बघते. मग जवळ घेते, कारण दुसरं काय करणार.

अक्का